चर्चमध्ये पहिल्यांदा संदेश (प्रवचन) देणार असशील तर हे वाच

भाऊ, टेन्शन येणारच, पण एक पक्कं धर, शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला उतारा, एकच घे. नवीन पोरं अर्ध्या तासात उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत, धावतात अन् घरी गेल्यावर मंडळीला काहीच आठवत नाही. तू मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 20 व्या अध्यायातला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घेतोयस हे मला फार आवडलं, कारण आपल्या जळगाव-धुळ्याकडं तो फार समजावावा लागत नाही. सकाळी डबा घेऊन चौकात उभे असलेले मजूर, केळीची गाडी भरायला कोणाला नेलं कोणाला नाही, दुपार झाली तरी एखादा तिथंच बसलेला, हे आपल्या लोकांनी स्वतः भोगलंय. धनी तर दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्यालाही पूर्ण दिनार देतो, म्हणजे त्या काळची दिवसभराची मजुरी, त्याच्या घरी त्या रात्री चूल पेटली. इथं थांब, घाई करू नको. आणि सकाळपासून राबूनही तेवढाच एक दिनार मिळालेल्यांची कुरकुर पण नीट मांड, त्यांना वाईट ठरवू नको, किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईला तो राग लगेच कळतो, म्हणूनच फुकट मिळणारी कृपा किती मोठी ते पण तिलाच आधी कळेल.

मधे मधे अहिराणी आली तर येऊ दे, लोक जवळ येतात. वीस मिनिटं बास. गावातल्या कोणाची दारू, कर्ज, भांडण उदाहरण म्हणून सांगू नको, नाव न घेता पण नको, लोक बरोबर ओळखतात. आणि उपासना संपल्यावर लगेच गाडीला किक मारू नको, दाराशी थांब, ज्याला प्रार्थना हवी असते तो तेव्हाच येतो.