बरडावर बी पेरण्याआधी ढोरं थांबवा

भाऊ, हिंगण्याकडची चार एकर उताराची बरड, घरी सहा गवळाऊ गाई, आणि तुम्ही विचारताय नेपिअर (उंच वाढणारं चाऱ्याचं गवत) लावू की गवताचं बी फेकू. नेपिअर विहिरीजवळ लावा, पाच-दहा गुंठे पुरे. ओलिताशिवाय मुरमावर ते उन्हाळा काढणार नाही.

आधी हिशेब करा. तीनशे किलोच्या गाईला रोज सात किलोच्या आसपास सुका चारा लागतो. सहा गाईंना दिवसाला ४२ किलो, वर्षाला १५ टन. तुमची बरड कितीही सुधारली तरी एवढं देणार नाही. म्हणून तिथे चारू नका, कापून आणा. बाकी कुटार-कडबा आहेच.

आता मुख्य गोष्ट. मृग लागला की रान ढोरांना बंद, निदान पोळ्यापर्यंत तरी. पहिल्या पावसाने फुटलेला कोंब मुळातल्या साठ्यावर वाढतो. तोच ढोरांनी खुडला की मूळ पुन्हा साठ्यातून खर्च करतं. दोन-तीन पावसाळे असं झालं की पवना, मारवेल ही चाऱ्याची गवतं विरळ होतात आणि तरोटा, रानतुळस हे तण माजतं. ढोरं त्यांना तोंड लावत नाहीत, मग उरणार तेच.

माझंच सांगतो. पहिल्या वर्षी मी मारवेलचं बी आणलं, त्याच हंगामाचं, आणि वखराने मातीआड केलं. काही म्हणजे काही उगवलं नाही! ताजं बी काही महिने झोपलेलंच असतं, आणि एवढं हलकं बी खोल गेलं की वर येत नाही. त्याच वर्षी आवळ्याच्या रोपांसाठी कोपऱ्यातला अर्धा एकर काट्याने बंद केला होता. तिथे दुसऱ्या पावसाळ्यात पवना आपोआप उभा राहिला, मी एक दाणाही टाकला नव्हता. तेव्हा एक हंगाम नुसतं बंद ठेवून बघा, मग जिथे टक्कल दिसेल तिथेच भर पावसात मारवेलचे ठोंब (मुळांसकट काढलेले फुटवे) लावा.

पाण्याचं काम माथ्यापासून सुरू करा. फूटभर खोल, दोन फूट रुंद सलग समतल चर, माती खालच्या अंगाला. पातळी डोळ्याने धरू नका, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने काढा. एका जागी चार बोटं जरी उतार राहिला तरी सगळं पाणी तिथेच धावतं आणि चर फुटतो. मातीच्या भरावावर लगेच स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी टाका, नाहीतर पहिल्या जोरदार सरीला माती परत चरात. खाली काळ्या मातीचा पट्टा असेल तर तिथे चर नको, पाणी साचतं.

कापणी फुलोऱ्यात. कुसळी गवत तर कुसळं धरायच्या आत काढाच, नंतर ती ढोरांच्या तोंडात, डोळ्यांत रुततात. बुडाशी चार बोटं ठेवा, आणि दरवर्षी एक पट्टा बी गळेपर्यंत तसाच सोडा.

मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत शेजारून आग येते, ती अडवायला माघातच कडेने जाळपट्टा (गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) काढून ठेवा.

राहिलं कुंपण. तारेआधी गावच्या ढोरक्याशी बोला. त्याच्या मनात नसलं तर तार पहिल्याच आठवड्यात वाकते. मी त्याला दरवर्षी गवताचे ठरलेले भारे देतो.