कोल्हापूरहून कार्ले लेणी एका दिवसात बघून होतील का? आत नेमकं काय पाहायचं?

होतील, पण रात्रीच्या गाडीनं निघा. अंतर सुमारे 300 किमी आहे; सकाळी निघालात तर सगळा दिवस हायवेवरच जाईल. पहाटे पुण्यात उतरून लोणावळा लोकल धरायची आणि मळवलीला उतरायचं. दुपारी लोकलमध्ये मोठा खंड पडतो, त्यामुळे परतीची वेळ आधीच बघून ठेवा.

आधी भाजे लेणी करा, ती मळवलीतून चालत जाण्याजोगी आहेत. कार्ले दुपारनंतर. चैत्यगृहाचं, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनामंडपाचं, तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे तीनच्या पुढं दर्शनी कमानीतून ऊन आत येतं आणि स्तूप उजळतो. सकाळी गेलेल्यांना नुसता अंधार दिसतो. पाचला बंद होतं, हे मात्र धरून चाला.

रविवार, नवरात्र आणि चैत्रातली यात्रा टाळा. लेण्याच्या दारातच एकवीरा आईचं देऊळ आहे, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. गाडी अर्ध्या डोंगरापर्यंत जाते, पुढं पायऱ्याच. पावसाळ्यात त्या निसरड्या होतात, चपला घालून जाऊ नका.

आत शिरायची घाई नको. बाहेरचा सिंहस्तंभ अग्निमित्रणक नावाच्या महारठीचं (त्या काळच्या सरदाराचं) दान आहे, तसा लेख त्याच्यावरच कोरलाय. आतला मंडप साधारण 124 फूट लांब, 46 फूट उंच. छताच्या कमानदार फासळ्या आणि स्तूपावरची छत्री लाकडाची आहे, दोन हजार वर्षांपूर्वीची! त्या फासळ्यांवर छताचा भार नाही. वर अखंड कातळ आहे. लाकडी इमारतीची सवय दगडात उतरली, एवढंच.

खांब 37. स्तूपामागचे 7 साधे अष्टकोनी, दोन्ही बाजूंचे 15-15 नक्षीचे. एकाच खांबापाशी थांबा: तळाशी घट, वर अष्टकोनी दांडा, मग उपडं कमळ, त्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि पाठीवर जोडपी. बहुतेक लोक मान वर करतच नाहीत. बॅटरी सोबत असेल तर दांड्यांवर ब्राह्मी लिपीतले दानलेख दिसतील. काही धेनुकाकट या गावच्या यवनांचे, म्हणजे ग्रीकांसारख्या परदेशी लोकांचे, आहेत.

म्हणून निघण्याआधी आपल्या टाउन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू बघून घ्या. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ती ब्राँझची मूर्ती व्यापारातून समुद्रापलीकडून आलेली आहे. तो व्यापार कोल्हापूरपर्यंत पोचला होता हे डोळ्यांनी पाहिलं, की कार्ल्याच्या खांबावर यवनाचं नाव कसं आलं हे वेगळं सांगावं लागत नाही.