थंड प्रदेशातल्या हिवाळ्यात हवामानाचा काही भरवसा नसतो, अशा वेळी कसं निभावायचं?

तुमचा हा पहिलाच हिवाळा, सकाळी ऊन, दुपारी पाऊस, संध्याकाळी बर्फ असा गोंधळ, अंदाज बघून निघालं तरी फजिती, आणि पुढे येणाऱ्या उणे 20 अंशांची धास्ती, असं तुम्ही लिहिलंय. मी अशा हवेत बरीच वर्षं काढली आहेत. उणे 20 ला एवढं घाबरू नका. तेव्हा हवा कोरडी असते, बर्फ भुसभुशीत असतो आणि माणूस मुळातच जय्यत तयारीने बाहेर पडतो. घात करतं ते शून्याच्या आसपासचं तापमान.

अंदाज चुकतो तोही तिथेच. ढगातून निघालेला बर्फ वाटेतल्या उबदार थरात वितळतो आणि जमिनीलगतची हवा शून्याखाली असेल, तर ते पाणी जिथे टेकेल तिथे गोठतं. हा उबदार थर जरा जाड किंवा पातळ झाला की साधा पाऊस, गोठणारा पाऊस किंवा बर्फ, यांतलं काहीही पडू शकतं. त्यात 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे ढोबळमानाने 10 सेंटीमीटर ताजा बर्फ. एखाद्या अंशाच्या फरकाने चित्र इतकं पालटत असेल, तर हवामानवाल्यांना किती शिव्या घालणार?

म्हणून मी कमाल-किमान आकडे बघतच नाही. तासातासाचा तक्ता उघडतो आणि पारा शून्य कधी ओलांडतोय ते शोधतो. दुपारी वितळलेलं पाणी हमखास परतीच्या वेळी गोठतं. आणखी एक, तो आकडा जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरच्या हवेचा असतो. निरभ्र रात्री जमीन हवेपेक्षा जास्त गार होते, त्यामुळे फोनवर अधिक 2 दिसत असतानाही रस्त्यावर बर्फाचा पारदर्शक पापुद्रा असू शकतो. त्यालाच ब्लॅक आइस म्हणतात, रस्ता नुसता ओला वाटतो. पुलांवर तो आधी धरतो, कारण पुलाला खालूनही वारा लागतो.

अशा दिवशी चालायचं ते बदकासारखं: छोटी पावलं, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढच्या पायावर. हात खिशात घालून चालू नका, तोल गेला तर सावरता येत नाही. दारापुढे मीठ टाकत असाल तर साधं मीठ साधारण उणे 9 पर्यंतच बऱ्यापैकी काम करतं. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड वापरा, नाहीतर सरळ वाळू टाका. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पाय धरतो.

कपड्यांबद्दल सगळे भरभरून सांगतात, म्हणून थोडक्यात. महागड्या जाड जॅकेटचं मला फार कौतुक नाही. अंगालगत सुती कपडा नको, तो घाम धरून ठेवतो, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून घेतं. आत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, मध्ये ऊब धरणारा थर, वर वारा-पाणी अडवणारा. उकडायला लागलं की घाम यायच्या आत एक थर उतरवा. बॅगेत कोरडे पायमोजे आणि हातमोजे जास्तीचे ठेवा. दिवसभरात तीनदा हवा बदलते तेव्हा तेच कामी येतात. वाऱ्याचा आकडाही बघा: उणे 10 अंश आणि ताशी 30 किलोमीटर वारा म्हणजे उघड्या त्वचेला उणे 20 सारखंच. कान, नाक, बोटं आधी जातात. बोटं बधिर होऊन पांढरी पडली तर चोळू नका, घरात येऊन कोमट पाण्यात धरा. मात्र पुन्हा गारठ्यात जावं लागणार नसेल तरच. फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी भराभर उतरते.

गोठणाऱ्या पावसाचा इशारा असेल तर मी घरीच थांबतो. यावर वाद नको. बर्फावर निदान गाडी चालते, या काचेवर कुठलाच टायर धड पकडत नाही. तारांवर बर्फ साचून वीजही जाते, म्हणून टॉर्च, पिण्याचं पाणी आणि न शिजवता खाता येईल असं काहीतरी घरात असू द्या. वीज गेली म्हणून कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात लावू नका, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. बाहेरच्या भिंतीलगतचे नळ अशा रात्री बारीक धारेने चालू ठेवा. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि पाइप फुटतो. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, ते आजच बघून ठेवा.

गाडी असेल तर इंधनाची टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका आणि आत एक फावडं, एक घोंगडी ठेवा. बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. धुराच्या नळीभोवतीचा बर्फ आधी काढा, मगच इंजिन सुरू करा. तेही तासाला दहाएक मिनिटं, काच बोटभर खाली ठेवून.