नाइट शिफ्टची सवय होते का?

प्रश्न : मिस्टर बुटीबोरीच्या कारखान्यात आहेत. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. नाइट असली की दिवसा झोप लागत नाही, पोट बिघडतं, पोरांवर चिडतात. सवय होईल का?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : ताई, पूर्ण सवय होत नाही, हे आधीच सांगते. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. ते रात्रपाळीकडे जरा सरकतं न सरकतं, तोवर आठवडा संपलेला असतो. पोटाचंही तसंच, रात्री दोनला उघडलेल्या तर्रीच्या डब्यासाठी आतडी तयार नसतात. तिथे पोळी-वरण द्या, मोठं जेवण नाइटला निघण्याआधी.

घरी येताना डोळ्यांवर काळा गॉगल, खिडकीला जाड पडदा. मे महिन्यात नागपुरात दिवसा झोपायचं म्हणजे कुलर हवाच, अन् त्याच्या घरघरीत दाराची बेलही बुडते. पहाटे तीननंतर चहा बंद. (हे ते ऐकणार नाहीत, माहीत आहे.)

शिफ्टचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा आहे की उलटा? उलटा शरीराला जास्त जड जातो. युनियनमार्फत तो बदलून मागता येईल. नाइटनंतर वर्धा रोडने बाइक नको, कंपनीची बस बरी. वर्षातून एकदा शुगर, बीपी तपासा. चिडचिड झोपेची आहे. पोरांना तसं सांगून ठेवा.