घरात कुणाचं करावं लागतं का?

प्रिय मित्रा,

घरी आजारी, म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्यांसाठी तू केलेला सर्वेक्षणाचा फॉर्म वाचला. मन लावून केला आहेस, हे कळतं. पण पहिलाच प्रश्न बदल. 'आपण काळजीवाहक आहात का?' असं काळाचौकीच्या चाळीत विचारलंस तर दार उघडणारी बाई 'नाही' म्हणेल आणि दार लोटून घेईल. हा शब्द कागदावरचा आहे. आपल्याकडे माणसं आईचं आजारपण काढतात, सासूचं सगळं करतात, भावाकडे बघतात. म्हणून विचारायचं, 'घरात कुणाचं करावं लागतं का?' मग बघ, उंबऱ्यावरच बसून बोलायला लागतात.

मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते तेव्हाची एक बाई अजून डोळ्यांसमोर आहे. नवरा जुना गिरणी कामगार, अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. 'मी काही करत नाही, घरीच असते,' असं ती मला म्हणाली होती. मी वही काढली आणि तिचा आदला दिवस तिच्याकडूनच लिहून घेतला. पहाटे पाणी यायच्या आधी त्याचं पॉट उरकायचं, कारण संडास गॅलरीच्या टोकाला आणि तिथवर त्याला नेता येत नाही. मग कूस बदलायची. ते तिने मला करून दाखवलं. एक गुडघा कॉटवर टेकवला, चादरीचा काठ दोन्ही मुठींत गुंडाळला, श्वास रोखला आणि एका दमात त्याला आपल्याकडे वळवलं. मग पाठीमागे उशी सारली आणि घोट्याखाली टॉवेलची घडी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी हे, रात्रीसुद्धा. कपभर चहा चमच्याने पाजायला पाऊण तास, कारण घाई केली की ठसका लागतो. वहीचं पान भरलं, उलटलं, आणि ती ते बघत राहिली. म्हणाली, 'हे सगळं मीच करते होय?'

तुझ्या अहवालाला आकडे लागतील, म्हणून देते. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेताना दिसल्या, पुरुष २१.४ टक्के. त्या स्त्रियांची दिवसाला साधारण १४० मिनिटं यात जातात, पुरुषांची ७४. यात लहान मुलांचं करणंही आलं, तेव्हा हे आकडे अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरांना जसेच्या तसे लावू नकोस. आणि तुझ्या फॉर्ममध्ये झोपेचा रकाना घाल: काल रात्री किती वेळा उठलात? मला विचारशील तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

आता माझी एक चूक सांगते, म्हणजे तू ती करणार नाहीस. निवृत्तीनंतर आम्ही गणेश मंडळाच्या हॉलमध्ये दर महिन्याला सभा ठेवायचो. डॉक्टरांचं व्याख्यान, प्रश्नोत्तरं, चहा. आठ-नऊ जण यायचे, आणि तेही ज्यांच्या घरी दुसरं कुणी होतं असे, किंवा ज्यांचं माणूस आधीच गेलं होतं असे. चार महिन्यांनी मी एकीला विचारलं, तुम्ही का येत नाही? ती म्हणाली, 'ताई, मी आले तर यांच्याजवळ कोण बसणार?' खुर्च्या, माईक, बॅनर, सगळ्याचा विचार केला होता मी. फक्त हाच राहिला होता.

तेव्हापासून माझं एकच मोजमाप आहे. या आठवड्यात किती घरांना किती तास मोकळे मिळाले? तुझ्या अहवालात बाकी काहीही असो, हा आकडा पहिल्या पानावर हवा.

त्यासाठी माणसं लागतात, आणि ती तुझ्या आसपासच आहेत. भजनी मंडळ, बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ. एका घराला एकच माणूस लाव, दर वेळी नवा चेहरा नको. पहिले दोन-तीन वेळा घरची बाई घरात असतानाच बसायचं. तिने फक्त गॅलरीत जावं, शेजारणीशी बोलावं. विश्वास बसला की ती बाजारात जाईल. बसणाऱ्याने औषध द्यायचं नाही, नाकातल्या नळीतून भरवायचं नाही. सोबत करायची, आणि काही वाटलं तर भिंतीवर लिहिलेल्या नंबरावर फोन. आणि ते दोन तास कुठे घालवले, हे तिला कधीही विचारायचं नाही. एक जण राणीच्या बागेत जाऊन बाकावर नुसती बसून यायची. हे तिने मला आपणहून सांगितलं, वर्षभराने.

असं होऊ शकतं का, असं कुणी विचारलं तर केरळकडे बोट दाखव. कोळीकोड-मलप्पुरमला शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी अंथरुणावरच्या रुग्णांची घरं वाटून घेतली, आणि २००८ मध्ये राज्याने उपशामक सेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका करण्याच्या सेवेचं, धोरणच केलं. तिथे 'आश्वासकिरणम' योजनेत पूर्ण वेळ करणाऱ्या घरच्या माणसाला महिन्याला ६०० रुपये ठरले. रक्कम तुटपुंजी आहे, मान्य. पण सरकारी कागदावर त्या माणसाची नोंद झाली. आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद लिहिलेली आहे. तुमच्या नगरसेवकाला, आमदाराला भेटशील तेव्हा त्या कायद्याचं कलम २४ सोबत ने.

कागदपत्रांचं थोडक्यात. सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान भारत योजनेतलं वय वंदना कार्ड काढून दे. ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात आहेत, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येतं, घरच्या शुश्रूषेला नाही, हे आधीच स्पष्ट सांग. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आईवडिलांना एक गोष्ट जरूर सांग: मूल अठराचं झालं की त्याचं कायदेशीर पालकत्व आपोआप चालू राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. बँकेच्या खिडकीवर हे कळण्याआधी तुझ्याकडून कळू दे. मनावर ताण असह्य झाला तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, वृद्धांच्या अडचणींसाठी १४५६७, हे दोन नंबर मोठ्या अक्षरांत छापून दाराच्या आतल्या बाजूला चिकटव.

रुग्णालयातून घरी सोडतानाची वेळही पकड. सगळं समजावणं शेवटच्या दहा मिनिटांत होतं, आणि घरच्यांचं लक्ष बिलाकडे आणि टॅक्सीकडे असतं. आदल्या दिवशीच सिस्टरना विनंती कर की नातेवाइकाने त्यांच्या देखत स्वतःच्या हाताने नळीतून भरवून दाखवावं: डोक्याकडची बाजू उंच, आणि भरवल्यावर अर्धा तास तशीच. आणि रुग्णोपयोगी साहित्य केंद्र काढाच. कमोडची खुर्ची, वॉकर, एअर बेड अशा वस्तू माणूस गेल्यावर माळ्यावर पडून असतात. मागायला लाजू नकोस. देणाऱ्यालाही त्या घरातून जायला हव्या असतात.

आता जे सगळ्यात जड जातं ते. कधीतरी तुझ्यासमोर कुणी बोलून जाईल, 'देवाने आता सोडवावं त्यांना.' किंवा, 'काल मी हात उगारला.' त्या वेळी 'असं बोलू नये' म्हणू नकोस. धक्का बसला तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नकोस. वर्षानुवर्षं मनात दाबलेलं ते एक वाक्य असतं, आणि ते ऐकून घेणारं माणूस म्हणून तिने तुला निवडलेलं असतं. ऐकून घे, पाणी पी, थोडा वेळ थांब. मग त्याच आठवड्यात तिथे कुणाला तरी बसायला पाठव. हात उगारला जाणाऱ्या घरात तर त्याच दिवशी, आणि आजारी माणसालाही एकट्याने भेट.

तू मुलगा आहेस म्हणून काही बायका तुझ्यापाशी डायपरबद्दल बोलणार नाहीत. बरोबर एखादी मावशी ने. पण आईचं करणारे मुलगे, बायकोचं करणारे म्हातारे तुझ्यापाशी बोलतील. माझ्यापाशी ते फारसे बोलले नाहीत, आणि ती घरं माझ्याकडून सुटली.

फॉर्म दुरुस्त करून शनिवारी घेऊन ये. पहिल्या घरी मी तुझ्याबरोबर येते. बसायला मीच थांबेन; ज्यांचं घर आहे त्यांना तू खाली चहाला घेऊन जा.

तुझी,
ताई