चिलीला पहिल्यांदा जाताय? मग हे आधी वाचा

अरे, तोरेस देल पायने या नॅशनल पार्कला तर सगळेच जातात, तूही जा, पण चिलीत नॅशनल पार्कशिवाय 'नॅचरल मॉन्युमेंट' अशी वेगळी कॅटेगरी आहे, म्हणजे आकाराने बहुतेक लहान पण एखाद्या खास गोष्टीसाठी राखलेली जागा, आणि नवख्या माणसाने खरं तर तिथून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दक्षिण चिलीतल्या पुएर्तो नातालेस गावाजवळची मिलोदोनची गुहा घे. साधारण २०० मीटर खोल. १८९५ मध्ये तिथे केसाळ कातड्याचा तुकडा सापडला, इतका ताजा दिसणारा की लोकांना वाटलं हा प्राणी अजून जिवंत असेल! प्रत्यक्षात तो हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला मिलोदोन, म्हणजे जमिनीवर राहणारा महाकाय स्लॉथ. गुहेच्या तोंडाशी पाठ करून आत बघत जरा वेळ उभा राहा, फोटो नंतर काढ.

दुसरी जागा म्हणजे पेंग्विनचं माग्दालेना बेट, पुंता अरेनास शहरातून बोटीने. ऑक्टोबर ते मार्चच जा, कारण नंतर पेंग्विन समुद्रात निघून जातात. बेटावर दोरी लावलेली वाट आहे, ती सोडायची नाही, कारण आजूबाजूची जमीन त्यांच्या बिळांनी पोखरलेली असते, एक पाय चुकला तर पिल्लांसकट घरटं खचतं. पेंग्विन वाट ओलांडत असेल तर गप उभं राहायचं, त्याला आधी जाऊ द्यायचं.

आणि हो, वाऱ्यामुळे बोट रद्द होते, त्यामुळे एक दिवस मोकळा ठेवच, परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं अजिबात घेऊ नकोस.