वाचकांचे प्रश्न : पॉप-अप कॅम्परचा पहिला मोसम

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसणारी आणि मुक्कामाला पोहोचल्यावर छत वर उचलून उभे राहण्याजोगी होणारी फिरती खोली, म्हणजेच पॉप-अप ट्रक कॅम्पर, यंदा प्रथमच वापरणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. पत्रे लांब होती, ती मुद्दा कायम ठेवून संक्षिप्त केली आहेत. वजन आणि ओल या दोन विषयांवरची पत्रे इतकी अधिक होती की उत्तरांतली बरीचशी जागाही त्यांनीच घेतली आहे.

प्रश्न : आमच्या कॅम्परचे वजन माहितीपत्रकात ४५० किलो दिले आहे आणि ट्रकच्या दाराजवळच्या पट्टीवर ७०० किलो भारक्षमता लिहिली आहे. अडीचशे किलो शिल्लक राहत असूनही सामान भरल्यावर ट्रक मागून बसतो, वळणावर झुलतो आणि सुकाणू हलके लागते. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना जोड म्हणून हवेने फुगणारे एअर स्प्रिंग बसवावेत का?

उत्तर : एअर स्प्रिंगचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि प्रवासाला निघताना असतो तसा पूर्ण भरलेला ट्रक, आत बसणाऱ्या सर्व माणसांसह, वजनकाट्यावर न्यावा. माहितीपत्रकातील ४५० किलो हे बहुधा रिकाम्या सांगाड्याचे वजन असते. त्यात बॅटरी, गॅस, पाणी आणि ग्राहकाने निवडलेले जादा साहित्य धरलेले नसते. आपल्याच आकड्यांवरून हिशेब मांडून पाहा. कॅम्पर ४५०, शंभर अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी सुमारे ३०, नऊ किलो गॅसचा भरलेला सिलिंडर त्याच्या धातूसह सुमारे १७, टाकीतील पाऊणशे लिटर पाणी ७५, दोन माणसे १५० आणि कपडे, भांडी, अंथरुणे, खुर्च्या, हत्यारे मिळून किमान १००. बेरीज ८२२ किलो होते. म्हणजे अडीचशे किलो शिल्लक राहण्याऐवजी आपण मर्यादेच्या सव्वाशे किलो पलीकडे आहात, आणि बाहेरचा छज्जा किंवा सोलर पॅनेल बसवले असेल तर त्याहूनही पुढे. दाराजवळच्या पट्टीवरील आकड्यात चालकाचे वजन धरलेले आहे की नाही, हेही देशोदेशी वेगळे असते. काट्यावर मात्र हा गोंधळ उरत नाही, कारण तेथे भरलेल्या वाहनाचे वजन थेट वाहनाच्या कमाल अनुज्ञेय एकूण वजनाशी ताडून पाहता येते.

काट्यावर तीन आकडे घ्यावेत : एकूण वजन, फक्त पुढच्या अ‍ॅक्सलवरचे आणि फक्त मागच्या अ‍ॅक्सलवरचे. सुकाणू हलके लागण्याचे कारण बहुतेक वेळा शेवटच्या दोन आकड्यांत सापडते. मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे ठेवलेली वस्तू त्या अ‍ॅक्सलवर स्वतःच्या वजनापेक्षा अधिक भार टाकते आणि तेवढ्याच प्रमाणात पुढची चाके उचलते. पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलमध्ये साडेतीन मीटर अंतर असलेल्या ट्रकमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून ०.७ मीटर मागे ७० किलोंची पेटी ठेवली, तर मागे ८४ किलो भार वाढतो आणि पुढचा १४ किलोंनी घटतो. कॅम्परच्या बाजूला निर्मात्याने गुरुत्वमध्याची खूण केलेली असते. कॅम्पर हौद्यात बसल्यावर ती खूण मागच्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे आली पाहिजे. ती मागे पडत असेल, तर तो कॅम्पर त्या हौद्यासाठी नाही असे समजावे आणि सामानाची फिरवाफिरव करून ते सत्य झाकू नये. खूण योग्य जागी असेल, तर जड वस्तू शक्य तितक्या पुढे आणि खाली हलवाव्यात, आणि मुक्कामी पाणी मिळणार असेल तेथे टाकी अर्धीच भरून निघावे.

आता एअर स्प्रिंगकडे येऊ. ते ट्रकची बसलेली पाठ सरळ करतात आणि झुलणेही कमी करतात, पण अनुज्ञेय वजन एका किलोनेही वाढवत नाहीत, कारण ती मर्यादा पाट्यांबरोबरच अ‍ॅक्सल, ब्रेक, चाके आणि चासी या सर्वांवरून ठरलेली असते. मर्यादेच्या आत असूनही ट्रक मागे झुकत असेल तेव्हाच त्यांचा उपयोग आहे. मर्यादेबाहेर असताना ते बसवले, तर फक्त धोका दिसेनासा होतो, आणि मला हा सर्वांत वाईट प्रकार वाटतो. टायर मात्र आजच तपासावेत. टायरच्या बाजूवर भार-निर्देशांक कोरलेला असतो. १२१ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त १४५० किलो, ११५ म्हणजे १२१५ किलो, आणि तेही योग्य हवा भरलेली असताना. रिकाम्या ट्रकसाठी ठेवलेली हवा कॅम्परसह पुरत नाही, आणि वळणावरच्या झुलण्याचा बराच भाग अनेकदा केवळ कमी हवेचा असतो.

पहिल्या मोसमात नव्या वस्तू घेण्याचा मोह होतो हे खरे; पण प्रत्येक प्रवासानंतर जी वस्तू हातात घेतलीच गेली नाही ती घरी उतरवून ठेवणे, एवढा एकच नियम पाळला तरी मोसमाच्या अखेरीस वजनकाट्यावर फरक दिसतो. हत्यारे, प्रथमोपचाराची पेटी आणि अग्निशामक यांना हा नियम लागू नाही.

प्रश्न : थंड रात्रींनंतर सकाळी कापडी भिंतींवरून पाणी ओघळते आणि गादीची खालची बाजू ओली लागते. छत गळत नाही, याची खात्री करून घेतली आहे. ऊब राहावी म्हणून आम्ही सर्व खिडक्या बंद ठेवतो आणि झोपण्यापूर्वी थोडा वेळ शेगडी पेटती ठेवतो. दोष कापडात आहे का?

उत्तर : दोष कापडात नाही. ते पाणी आपल्याच खोलीतले आहे. दोन झोपलेल्या माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून एका रात्रीत अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. त्यात शेगडीची भर पडते. शेगडीत जळणाऱ्या प्रोपेन गॅसमधील हायड्रोजन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पाणी होतो, त्यामुळे एक किलो प्रोपेन जळाला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने खोलीत येते. हवा २० अंश सेल्सिअसला असून तिच्यात ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या किंवा त्याहून थंड पृष्ठभागावर दव धरते. बाहेर पाच अंश असताना एकेरी कापडाची आतली बाजू आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट १२ अंशांच्या बरीच खाली असते, मग पाणी ओघळल्यावाचून कसे राहील?

शेगडीने खोली तापवणे आजपासून बंद करावे, आणि यामागचे पहिले कारण ओल हे नाही. बंद जागेत ज्वलन अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येतेच असे नाही. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र कॅम्परमध्ये असलेच पाहिजे, आणि त्याच्या पाठीवरची मुदतही पाहावी, कारण आतला संवेदक साधारण पाच ते दहा वर्षांत निकामी होतो. गॅसगळतीचे यंत्र वेगळे असते आणि ते जमिनीलगत बसवावे लागते, कारण प्रोपेन हवेच्या दीडपट जड असून तळाशी साचतो.

ऊब हवी असेल, तर ज्वलनाची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा बंदिस्त हीटर वापरावा. त्याच्या ज्वलनातील पाणी धुराबरोबर बाहेर जाते, आणि खोलीतली हवा तापल्यामुळे तिची सापेक्ष आर्द्रताही उतरते. त्याच्या जोडीला छतावरचा झरोका बोटभर आणि खालची एक खिडकी तेवढीच उघडी ठेवावी. थोडी ऊब बाहेर जाते हे मान्य आहे, पण दमट हवा वरून निघून जाऊन खालून कोरडी हवा आत येण्यासाठी दोन्ही तोंडे लागतात. एकाच खिडकीने हे काम नीट होत नाही. स्वयंपाकाच्या वेळी झरोक्याचा पंखा चालू असावा, आणि ओले कपडे आत वाळत घालू नयेत. कापडाच्या आतून लावायचे उष्णतारोधक अस्तर मिळते. त्याने दव बरेच कमी होते, मात्र अस्तर आणि कापड यांच्यामध्ये ओल साठते का, हे सकाळी हात घालून पाहावे लागते.

गादीचे उत्तर वेगळे आहे. केबिनच्या वर येणाऱ्या पलंगाच्या फळीखालून थंड हवा वाहत असते. शरीरातली वाफ गादीतून खाली झिरपते आणि त्या थंड फळीपाशी तिचे पाणी होते. गादी आणि फळी यांच्यामध्ये हवा खेळेल असा जाळीदार थर किंवा पट्ट्यांची चौकट घालावी. केवळ जाड गादी घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही, आणि छत मिटण्याला अडथळा होतो तो वेगळाच.

प्रश्न : छत खाली घेताना कापड दरवेळी बाहेर फुगते आणि कडेत चिमटते. थंडीत तर छत वर जायलाही जड जाते. काही युक्ती आहे का?

उत्तर : छत उतरताना आतल्या हवेला वाट हवी, म्हणून ते पूर्ण मिटेपर्यंत दार उघडे ठेवावे. कापडाला बाहेरून चहूबाजूंनी लवचीक दोरी लावली की घडी आतल्या बाजूला वळते. छत एका दमात खाली न घेता अर्ध्यावर थांबून कापड हाताने आत सारावे, आणि मिटल्यावर फेरी मारून प्रत्येक कडी स्वतः तपासावी. वर घेतानाही सर्व कड्या सोडल्याची तशीच खात्री करावी, कारण एक कडी लागलेली राहिली तर उचलण्याचा सारा जोर एका कोपऱ्यावर येतो.

थंडीत छत जड जाते याला भौतिक कारण आहे. उचलायला मदत करणाऱ्या गॅसच्या दांड्यांमधील दाब तापमानाबरोबर घटतो, आणि २० अंशांवरून उणे १० अंशांपर्यंत उतरताना तो सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो. त्यात छतावर सोलर पॅनेल किंवा बर्फ असेल, तर तेही आपल्यालाच उचलावे लागते. बर्फ आधी झाडून काढावा. खिडक्यांचे पारदर्शक प्लास्टिक गारठ्यात कडक होऊन घडीवर तडकते, म्हणून मिटण्यापूर्वी थोडा वेळ हीटर चालवून ते मऊ होऊ द्यावे. ओले कापड मिटून निघावे लागले, तर घरी पोहोचल्यावर शक्यतो त्याच दिवशी छत पुन्हा उभे करून वाळवावे. दोन दिवसांचा विलंबही बुरशीला पुरतो, आणि कापडात मुरलेले काळे डाग सहसा पूर्णपणे निघत नाहीत.

प्रश्न : शंभर अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी दुसऱ्या सकाळी संपते. ट्रकमधून चार्जिंगची तारही जोडलेली आहे. दुसरी बॅटरी घ्यावी का?

उत्तर : आपल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत नावापुरते १२०० वॉट-तास आहेत, पण शिसे-आम्ल बॅटरी टिकवायची तर त्यांपैकी निम्मेच, म्हणजे ६००, वापरता येतात. सुमारे ४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाच्या एक-तृतीयांश वेळ चालला तर ३६० वॉट-तास खातो, हीटरचा पंखा रात्रभरात दोनशेच्या आसपास, आणि दिवे, पंप व फोन मिळून आणखी ऐंशी. तेव्हा बॅटरी दुसऱ्या सकाळी संपते, यात तिचा काही दोष नाही. लांब आणि बारीक तारेत विद्युतदाब (व्होल्टेज) गळतो, त्यामुळे ट्रकमधून चार्ज होतो आहे असे वाटते तेव्हा प्रत्यक्षात फारच थोडा प्रवाह पोहोचतो. मी प्रथम जाड तार आणि दाब वाढवून देणारा डीसी-डीसी चार्जर बसवीन. रोज काही तास ट्रक चालत असेल, तर तेवढ्यानेच प्रश्न मिटेल. एकाच जागी मुक्काम असेल, तर शंभर वॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हाळी दिवशी तीनशे ते चारशे वॉट-तास देते, झाडाखाली मात्र त्याचा भरवसा धरू नये. दुसरी शिसे-आम्ल बॅटरी घेणे म्हणजे आणखी तीस किलो. त्यापेक्षा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी पडते आणि तिची जवळपास पूर्ण क्षमता वापरता येते. तिला शून्य अंशांखाली चार्ज करता येत नाही, हे थंडीत फिरणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावे.

प्रश्न : मुक्कामी कॅम्पर जॅकवर उतरवून ट्रक मोकळा करावा का?

उत्तर : एकाच जागी बरेच दिवस राहणार असाल आणि जमीन कडक व सपाट असेल, तरच. एरवी त्यात वेळ जातो आणि जोखीमही असते. उतरवताना आधी टर्नबकल, म्हणजे कॅम्पर ट्रकला आवळून धरणारे ताणाचे स्क्रू, सोडावेत, मग कॅम्परचा पुढचा भाग किंचित उंच राहील असे चारही जॅक थोडेथोडे उचलावेत, आणि ट्रक पुढे घेण्यापूर्वी विजेची तार काढली आहे का हे पाहावे. ट्रक निघाल्यावर कॅम्पर शक्य तितका खाली घ्यावा. परत चढवल्यावर टर्नबकल घट्ट करून निघावे आणि पहिल्या काही किलोमीटरांनंतर थांबून ते पुन्हा तपासावेत.

प्रश्न : हिवाळ्यात कॅम्पर बंद ठेवणार आहोत. पाणी काढून टाकले की पुरे का?

उत्तर : पुरे नाही. टाकी रिकामी झाली तरी पंपात आणि नळ्यांच्या वळणांत पाणी उरते, आणि ते गोठले की सांधे फुटतात. पाणी तापवण्याच्या टाकीला वळसा देऊन नळ्यांतून पिण्याच्या पाणीव्यवस्थेसाठीचे प्रॉपिलीन ग्लायकॉल फिरवावे. गाडीच्या रेडिएटरमधले विषारी द्रव्य येथे चालत नाही. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी, कारण उतरलेली बॅटरी शून्याखालच्या थोड्याशाच थंडीत गोठते. गॅस सिलिंडरपाशी बंद करावा. छताचे सांधे आणि झरोक्याच्या कडा यांवरच्या सीलला तडे गेले असतील, तर हवा कोरडी असतानाच ते भरून घ्यावेत आणि त्यासाठी छताच्या पदार्थाला साजेसे सील वापरावे. सिलिकॉन टाळावे, कारण एकदा ते लागले की त्यावर दुसरे काही नीट चिकटत नाही. वसंतात ग्लायकॉल धुऊन काढल्यावर दर लिटर पाण्याला सुमारे एक मिलिलिटर साधे, सुगंधरहित क्लोरीन ब्लीच टाकून ते पाणी नळ्यांत काही तास राहू द्यावे, आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने नळ्या धुवाव्यात.